रुपयाला एक आणा



पोळा तोंडावर आला आहे. डवरणीची घाई सरत आली, कपाशीला पात्या-फुले लागली, सोयाबीन शेंगेवर येत आहे. आता दोन-चार दिवस घरोघरी खांदशेकणीची, झुलीची आणि घागरमाळांची गडबड राहील. मोठ्यांचा पोळा फुटला की दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात लेकरांचा तान्हा पोळा भरतो. चाकांवरचा लाकडी नंदी ओढत लेकरे घरोघर बोजारा मागत फिरतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही चाल पडली असे सांगतात. वर्धा जिल्ह्यातील सिंदी रेल्वे येथे तर तान्ह्या पोळ्याला माणसापेक्षा उंच लाकडी नंदी निघतात.

आज या सदरात कीड-रोगाचे किंवा खताचे बोलणार नाही. त्या नंदीच्या मागे जोडता येईल अशा एका वस्तूबद्दल बोलणार आहे. आपल्या अंगणात उभी असलेली बंडी, ट्रॅक्टर, ट्रॉली किंवा जीप हुबेहूब पण लहान करून घरीच बनविण्याचा हा छंद आहे. "गुरुजींचा अभ्यास सोडून पोरगा चिंध्या-चाके जमवीत बसतो," अशी तक्रार पुष्कळ घरांतून ऐकू येते. त्या तक्रारीलाही आज उत्तर देऊ.

खेळणे वेगळे, नमुना वेगळा

धांड्याची गाडी आपल्यापैकी बहुतेकांनी केली असेल. ज्वारीचे धांडे सोलावे, गाभ्यात काड्या खोचाव्या, दोन चाके लावावी आणि ओढत न्यावी. हे झाले खेळणे. त्यात चाक केवढे आणि साटा केवढा याला धरबंध नसतो. नमुन्यात मात्र प्रत्येक भाग एकाच हिशेबाने लहान करावा लागतो. चाक सोळापट लहान केले तर आखही सोळापट लहान हवा, आणि बसण्याची जागा व मागचा हूकही तेवढाच लहान हवा. तलाठ्याकडचा गावनकाशा याच रीतीने काढलेला असतो. सारे शिवार एका कागदावर मावते, पण कोणाच्या धुऱ्याचे माप बदलत नाही. फरक एवढाच की नकाशा सपाट असतो आणि नमुना हातात धरून चारी बाजूंनी पाहता येतो.

बाहेरच्या देशांत हा छंद कसा वाढला

परदेशात या छंदाचा मोठा व्यापार आहे. प्लॅस्टिकचे सुटे भाग पेटीत भरून विकतात, ते कापून, घासून, चिकटवून व रंगवून घरी मोटार उभी करावयाची असते. अमेरिकेतील एएमटी या कंपनीने १९५८ साली अशा पेट्या काढल्या की एकाच पेटीतील भागांतून तीन तऱ्हेची मोटार करता यावी. एक कारखान्यातून निघते तशी, दुसरी आपल्या हौसेने बदललेली आणि तिसरी शर्यतीची. या मोटारी बहुधा खऱ्या मोटारीच्या पंचविसाव्या हिश्शाच्या असत. जपानातील तामिया ही आज जगभर नाव असलेली कंपनी तर १९४६ साली लाकूड कापण्याची गिरणी म्हणून सुरू झाली. उरल्या लाकडाचे नमुने करता करता १९५३ पासून तिने नमुन्यांच्याच धंद्याला वाहून घेतले.

आपल्याला जवळची वाटेल अशी गोष्ट आयोवा राज्यातील आहे. हा मुलूख मका आणि सोयाबीनचा. १९४५ साली डुब्यूक गावी फ्रेड एर्टल नावाचा एक ओतारी हाताला काम नसल्यामुळे घरी बसला होता. त्याने घराच्या तळघरातील भट्टीत लढाईनंतर भंगारात निघालेले अ‍ॅल्युमिनियम वितळवून लहान ट्रॅक्टर ओतावयास सुरुवात केली. बायको-मुले ते घासत, जोडत आणि रंगवीत. हे ट्रॅक्टर खऱ्याच्या सोळाव्या हिश्शाचे होते. शेतकऱ्यांच्या मुलांना घरच्याच ट्रॅक्टरची प्रतिकृती मिळू लागली आणि धंदा असा वाढला की १९५९ साली कारखाना डायर्सव्हिल येथे न्यावा लागला. त्या गावात १९८६ पासून शेतीच्या खेळण्यांचे एक संग्रहालयच उभे आहे.

शहरातील दुकानांत अशा पेट्या मिळतात, परंतु त्या महाग असतात आणि बहुतेक परदेशी मोटारींच्या असतात. आपल्याला त्यांची गरज नाही. आपला नमुना अंगणात उभा आहे आणि सामान घरात पडले आहे.

माप : दोन इंचांचे एक सूत

एर्टलने सोळावा हिस्सा धरला. आपणही तोच धरू, कारण सोळा हा आकडा आपल्या घरचा आहे. रुपयाचे आणे सोळा आणि गुंठ्याचेही आणे सोळाच. खरी गाडी रुपया, तर आपला नमुना एक आणा.

यात आणखी एक सोय आहे. वाढईच्या पट्टीवर एका इंचाची आठ सुते असतात. सोळा इंचांचा एक इंच करावयाचा, तर खऱ्या गाडीतील दोन इंच म्हणजे नमुन्यातील एक सूत झाले. भागाकाराची कटकटच नको. खरे माप इंचांत घ्यावे आणि निम्मे करावे, तेवढी सुते धरावी. ४० इंचांचे २० सूत म्हणजे अडीच इंच. ११ फूट लांबीचा ट्रॅक्टर म्हणजे १३२ इंच. त्याचे ६६ सूत, म्हणजे सव्वाआठ इंच. ओट्यावर सहज मावेल असा हा ट्रॅक्टर आहे.

चाकाचे माप घेताना टायरवरचे आकडे मुलांना वाचून दाखवा. मागच्या टायरवर १३.६-२८ असे लिहिले असेल तर पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा आतल्या रिमच्या व्यासाचा, दोन्ही इंचांत. म्हणजे २८ ही चाकाची उंची नव्हे. रबराची जाडी दोन्हीकडून धरली की ते चाक ५२ इंचांच्या आसपास भरते. त्याची २६ सुते, म्हणजे सव्वातीन इंचांचे चाक कापावे. पुढच्या टायरवर ६.००-१६ असेल तर ते २८ इंचांच्या आसपास भरेल. त्याची १४ सुते, म्हणजे पावणेदोन इंच. मात्र टायर झिजलेले असते, म्हणून आकड्यावर विसंबू नये. चाकाभोवती दोरी गुंडाळून परीघ मोजावा, त्याला सात बावीसांशाने गुणावे म्हणजे व्यास निघतो. शाळेतील पुस्तकात कोरडे वाटणारे हे गणित टायरला दोरी लावली की मुलांच्या हाताला लागते.

मापे घेताना वही घ्या. एका पानावर बाजूचे चित्र, दुसऱ्यावर समोरचे आणि तिसऱ्यावर वरून दिसणारे काढा. चित्र सुंदर नसले तरी चालेल, आकडे चुकता कामा नयेत. मापे घेते वेळी ट्रॅक्टर बंद आणि किल्ली मोठ्या माणसाच्या खिशात असावी.

सामान आणि एक कडक सूचना

अंगासाठी जाड पुठ्ठा किंवा हलके लाकूड घ्यावे. पांगारा किंवा काटेसावर चाकूला मऊ लागते. सागाच्या फळीचे तुकडे वाढयाकडे मिळतील, ते चिवट असतात आणि टिकतात. आखासाठी मोडक्या सायकलचा आरा चांगला. चाकांसाठी जुन्या रबरी चपलेचा तळ, टायरसाठी सायकलच्या ट्यूबची पट्टी, धुराड्यासाठी बोरूची कांडी किंवा तुराटी, सुकाणूसाठी तार. चिकटविण्यास बाभळीचा डिंक किंवा फेविकॉल. रंग मात्र जुन्या, लेबल नसलेल्या डब्यातील घेऊ नये. त्यात शिसे असू शकते आणि ते मुलांच्या मेंदूला घातक असते.

आता ही सूचना ठळक अक्षरांत लिहून ठेवा. कीटकनाशकाचे डबे, बाटल्या आणि त्यांची झाकणे मुलांच्या हातात पडता कामा नयेत.

हे मुद्दाम सांगावे लागते, कारण आपला मुलूख कपाशीचा आहे आणि पोळ्याचे दिवस हे फवारणीचेही दिवस असतात. गोल, घट्ट आणि रंगीत झाकण पाहिले की मुलाला त्यात चाक दिसते. चपटा डबा पाहिला की ट्रॉलीचे टपच दिसते. खेडोपाडी फिरताना अशा झाकणांच्या गाड्या ओढणारी लेकरे मी पाहिली आहेत. ते झाकण भोक पाडताना दातात धरले जाते आणि तेच हात भाकरीला लागतात. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो जणांना दवाखान्यात न्यावे लागले. ती माणसे मोठी, धडधाकट होती. लहान जिवाला त्याहून किती थोडे पुरेल, याचा विचार करा.

म्हणून रिकामा झालेला डबा तेथेच, शेतात, तीन वेळा पाण्याने खळखळून धुवावा. ते पाणी नाल्यात न टाकता फवारणीच्या टाकीतच ओतावे. मग डबा भोसकून निकामी करावा. गोळा करण्याची सोय असेल तर तेथे द्यावा, नसेल तर विहीर, नाला व वस्ती यांपासून दूर पुरावा. जाळू नये. धुतला म्हणून पाणी, तेल किंवा बियाणे ठेवण्यास तो चालतो असे मुळीच समजू नये. डब्यावरील रंगीत त्रिकोण मुलांनाही ओळखू येऊ द्या. लाल म्हणजे अत्यंत विषारी, त्यानंतर पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. परंतु हिरव्याचा अर्थ खेळावयास दिले तरी चालते असा नाही. आणि चुकून कोणाला बाधा झालीच तर घरगुती उपायात वेळ न दवडता अंगावरचे कपडे काढून साबणाने अंग धुवावे आणि डबा किंवा लेबल बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठावा.

घरात झाकणांची वाण नाही. दाताच्या पेस्टची, खाद्यतेलाच्या बाटलीची, औषधाच्या पाकाच्या बाटलीची अशी कितीतरी झाकणे मिळतात. एका डब्यात मुलांसाठी ती जमवून ठेवा, म्हणजे मुले उकिरड्याकडे जाणार नाहीत. दिव्यासाठी बटणाएवढी चपटी बॅटरी लहान मुलांच्या घरात वापरू नये. ती गिळली गेली तर अन्ननलिका जाळते.

बांधणी कशी करावी

१. आधी चाके करा. चारही चाके झाल्यावर पुढचे काम सोपे होते. चपलेच्या रबरावर टाचणी आणि दोऱ्याने वर्तुळ काढून कापावे. मागचे चाक जाड हवे, म्हणून दोन-तीन थर चिकटवावे. कापण्याचे काम दहा-बारा वर्षांखालील मुलांनी एकट्याने करू नये.

२. मग एका लाकडी ठोकळ्याचे अंग करावे. ट्रॅक्टरला मोटारीसारखा खालचा सांगाडा नसतो, त्याचे इंजिन, गिअरची पेटी आणि मागचा आख हेच एकमेकांना जोडून कणा बनतो. नमुना करताना ही गोष्ट मुलांच्या ध्यानात आपोआप येते.

३. पुढचा आख मधोमध एकाच खिळ्यावर डुलता ठेवावा. खऱ्या ट्रॅक्टरमध्येही तो तसाच असतो, म्हणूनच खाचखळग्यांत चारही चाके जमिनीला टेकून राहतात.

४. मडगार्ड, आसन, सुकाणू आणि तीन टेकूंची जोडणी शेवटी करावी. प्रत्येक भाग चिकटविण्यापूर्वी नुसता लावून पाहावा. डिंक रात्रभर वाळू द्यावा. येथे घाई केली की गाडी वाकडी बसते.

५. रंगापूर्वी सारे अंग घासकागदाने गुळगुळीत करावे. रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा चांगले. काम उघड्या ओसरीवर करावे, बंद खोलीत नव्हे.

मुलींना यातून वगळू नका. पाने लावून झाली की उरलेले काम मुलांचे, ही वाटणी नमुन्याला लागू नाही. पोळीचा उंडा एकसारखा करणारा आणि शिवणाचे माप अचूक घेणारा हात करवतीलाही तेवढाच चालतो.

आपल्या गरजेप्रमाणे बदल

परदेशी पेटीतून एका मोटारीच्या तीन होतात, तर आपल्या एका ट्रॅक्टरच्या दहा करता येतील. मागच्या जोडणीला आज पलटी नांगर, उद्या रोटाव्हेटर, परवा रुंद वरंबा-सरीचे पेरणी यंत्र. मुलाने पेरणी यंत्राचे फण किती इंचांवर बसवायचे हे विचारले की बाबांना सोयाबीनच्या ओळीतील अंतर सांगावेच लागेल. असा प्रश्न जेवणाच्या पाटावर निघाला तर तो कोणत्याही मेळाव्यापेक्षा कामाचा.

दोन बदल मात्र प्रत्येक नमुन्यात करावे. पहिला म्हणजे ट्रॉलीच्या मागे लाल चमकी. चॉकलेटच्या लाल चकचकीत कागदाचे दोन तुकडे पुरेत. हिवाळ्यात कापसाच्या गाड्या पहाटे अंधारात जिनिंगकडे निघतात. मागे दिवा किंवा चमकी नसलेली ट्रॉली मोटारसायकलवाल्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. नमुन्याला चमकी लावणारे लेकरू एक दिवस विचारील, "बाबा, आपल्या ट्रॉलीले काऊन नाही?" त्या दिवशी ती लागेल.

दुसरा बदल म्हणजे चालकाच्या डोक्यावर येणारी लोखंडी संरक्षक चौकट. ट्रॅक्टर उलटला तर ही चौकट चालकाला चेंगरू देत नाही, मात्र पट्टा बांधलेला हवा. स्वीडन देशाने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली आणि तेथील असे मृत्यू फार घटले.

पाटावरची परीक्षा

नमुना तयार झाला की नुसता शोभेला ठेवू नका, त्याच्याकडून एक काम करून घ्या. एका रुंद पाटावर तो आडवा उभा करा. उताराकडच्या चाकांशी एक बारीक काडी चिकटवा, म्हणजे तो घसरणार नाही. मग पाटाची वरची बाजू हळूहळू उचला आणि ट्रॅक्टर कलंडतो तेव्हाचा कोन कंपासपेटीतील कोनमापकाने मोजा. आता दोन्ही मडगार्डांवर चिकणमातीच्या दोन बाहुल्या बसवा आणि पुन्हा उचला. या खेपेस तो लवकर कलंडेल. मागच्या चाकांमधील अंतर वाढवून पाहा, म्हणजे तो उशिरा कलंडेल.

येथे कोणी म्हणेल की लहान खेळण्यावरून मोठ्या यंत्राचे काय कळणार? परंतु कलंडण्याचा कोन आकारावर अवलंबून नसतो. दोन चाकांतील अंतर आणि वजनाचा मध्य किती उंचावर आहे, यांच्या प्रमाणावर तो ठरतो. ते प्रमाण जमले असेल तर लहान नमुनाही खरेच बोलतो. खऱ्या शेतात मात्र वेग, वळण आणि खड्डे यांची भर पडते, म्हणून खरा ट्रॅक्टर पाटावरच्या कोनाच्या पुष्कळ आधी उलटू शकतो.

दुसरी परीक्षा दोऱ्याची. मागची चाके अडकवून ठेवा. दोरा खालच्या हुकाला बांधून मागे ओढा, मग तोच दोरा आसनाच्या उंचीवर बांधून ओढा. दुसऱ्या खेपेस थोड्याच जोराने पुढची चाके उचलतील. चिखलात रुतलेली ट्रॉली किंवा झाडाचे खोड ओढताना साखळी मागच्या आखाच्या वर कधीही बांधू नये, ती खालच्या हुकालाच बांधावी. हा नियम शंभर वेळा सांगून जे होत नाही ते एका दोऱ्याने होते. शेजारच्या जाणत्या पोरांनाही बोलावून दाखवा, कारण मडगार्डवर बसून शेतात जाणारी तीच असतात.

तीस क्विंटलचे कोडे

आता एक कोडे. तुमच्या ट्रॉलीत काठोकाठ ३० क्विंटल सोयाबीन बसते. सोळाव्या हिश्शाच्या नमुन्यात किती बसेल? बहुतेक मुले म्हणतील, तीसला सोळाने भागा, पावणेदोन क्विंटलांच्या वर. मग ट्रॉलीकडे पाहतील आणि हसतील, कारण ती ओंजळीत मावते. लांबी सोळापट कमी झाली, रुंदीही तेवढीच आणि उंचीही तेवढीच. म्हणून सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४,०९६ ने भागावे लागेल. उत्तर येते पाऊण किलोपेक्षा थोडे कमी. तराजूवर घालून पाहा.

हे कोडे ज्याला कळले त्याला शेततळे कळले. एक ते एक उताराच्या बाजूंचे १५ मीटर लांब, १५ मीटर रुंद आणि ३ मीटर खोल तळे ४४१ घनमीटर पाणी धरते. लांबी-रुंदी दुप्पट करून ३० बाय ३० केले, खोली तेवढीच ठेवली, तर पाणी दुप्पट होत नाही, ते २,१९६ घनमीटर होते, म्हणजे जवळजवळ पाचपट. जागा चौपट जाते, पाणी पाचपट येते. तळे केवढे खोदावे हे ठरविताना घरात हा हिशेब करणारे एक तरी माणूस हवे. ते सातवीतले लेकरू असले तरी हरकत नाही.

हा छंद कोठे नेतो

अमेरिकेत १९३० ते १९६८ या काळात मोटारींचे सांगाडे बनविणाऱ्या फिशर बॉडी या कंपनीने मुलांसाठी नमुन्यांची स्पर्धा चालविली. प्रथम राजेशाही घोडागाडीचा आणि पुढे बाराव्या हिश्शाच्या मोटारीचा नमुना स्वतःच्या हाताने करावयाचा असे. उत्तम नमुन्यास कॉलेजच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मिळे, आणि त्यांतील कित्येक मुले पुढे मोटारींचे आराखडे काढणारी झाली. आजही नवी मोटार काढताना कारखान्यात आधी तिचा मातीचा नमुना करतात.

आपल्याकडचे उदाहरण अरविंद गुप्ता यांचे. कानपूरच्या आय.आय.टी.तून शिकून ते पुण्यास टेल्कोत, म्हणजे ट्रक बनविणाऱ्या कारखान्यात, लागले. १९७८ साली ते होशंगाबादच्या खेड्यांतील विज्ञान शिक्षणाच्या कामात गेले. तेथील आठवडी बाजारात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून, सायकलच्या व्हॉल्व्ह-ट्यूबचे तुकडे आणि आगपेटीच्या काड्या यांतून, त्यांनी मुलांसाठी आकृत्या आणि खेळणी केली. पुढे पुण्याच्या आयुका संस्थेतील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कित्येक वर्षे हेच काम केले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा सारा कारभार टाकाऊ वस्तूंवरच चालला.

प्रत्येक लेकरू एवढे मोठे होईल असे नाही आणि तशी अपेक्षाही नको. परंतु आय.टी.आय.मध्ये फिटर, टर्नर किंवा ट्रॅक्टर मेकॅनिकच्या वर्गात बसणाऱ्या मुलाला पहिल्याच महिन्यात माप घेणे, आराखडा वाचणे आणि घासून जुळविणे हेच करावे लागते. ज्याने घरी हे केले आहे त्याची तेथे भंबेरी उडत नाही. ट्रॅक्टरचा कारखाना काही सातासमुद्रापार नाही, नागपूरच्या हिंगण्याला आहे. कोरडवाहू दहा एकरांच्या तीन वाटण्या झाल्यावर एका भावाच्या हातात दुसरा हुन्नर असणे ही घराची गरज आहे. त्या हुन्नराची सुरुवात ओसरीवरच्या चिंध्या-चाकांतूनही होऊ शकते. गुरुजींच्या अभ्यासाचे म्हणाल, तर व्यास, परीघ, प्रमाण, घनफळ आणि कोन एवढे सगळे वर येऊन गेले. तक्रारीचे उत्तर ते हेच.

आणि बंडीचे माप घेऊन ठेवा

शेवटी घरातील म्हाताऱ्यांसाठी एक काम. लाकडी चाकांची बंडी आता पुष्कळ गावांत एखाद-दुसरीच उरली आहे. तुंबा कसा कोरतात, आरे किती अंशांनी बसवितात, धाव तापवून चढविली की ती थंड होताना चाक कसे आवळते, हे जाणणारे वाढई आणि लोहार थकले आहेत. गोठ्यामागे मोडकळीस आलेली बंडी चुलीत जाण्यापूर्वी आबाजींनी नातवंडांना घेऊन तिची मापे वहीत उतरावी. आख, जू, शिवळा आणि साटा यांपैकी एकही भाग सोडू नये. प्रत्येक भागाचे आपल्या गावचे नाव लिहावे, कारण वणीकडे एक नाव असते तर पुसदकडे दुसरे. त्यावरून सोळाव्या हिश्शाची बंडी करावी. खरी गेली तरी वही आणि नमुना राहील, आणि पुढे कोणाला तशीच बंडी करून हवी असेल तर इंचांचे हिशेब तयार असतील.

यंदाच्या तान्ह्या पोळ्याला आपल्या गावात बोजाऱ्याबरोबर एक छोटे बक्षीस घरी केलेल्या नमुन्याला ठेवा. परीक्षा करताना रंग पाहू नका, पट्टी लावून माप पाहा. आणि नमुन्यात कीटकनाशकाचे एकही झाकण नाही ना, हे सर्वांआधी पाहा.

नमुना करताना काही अडले तर मापांची वही घेऊन भेटा किंवा पत्राने विचारा. पुढील खेपेस कपाशीतील गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे कधी व किती लावावे याविषयी बोलू.

आपल्या बैलजोडीला आणि लेकरांच्या नंदीला पोळ्याच्या शुभेच्छा.